वारशाचं बंद घर आणि कराचं घड्याळ

"माणूस गेला, घराला कुलूप लागलं, कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर येत नाही. मग कौन्सिल टॅक्स कशाचा?" इंग्लंडमध्ये आईवडिलांचं घर वारशाने मिळालेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न हटकून येतो. कौन्सिल टॅक्स म्हणजे इंग्लंडमधली घरपट्टी, आणि ती घेणारी कौन्सिल म्हणजे स्थानिक पालिका. कौन्सिलने दुप्पट बिल पाठवलं असेल तर सूर आणखी चढतो. मला हा प्रश्न पटत नाही. बंद घरावर कर असावा, आणि घर फार काळ बंद राहिलं तर तो चढाही असावा. पण वारसांचा राग बिनबुडाचा आहे असंही नाही. कायद्याने कराचं घड्याळ भलत्याच जागी टांगलं आहे, त्यामुळे झटपट काम उरकणारा भरडला जातो आणि हातावर हात ठेवून बसणारा सुटतो. भांडायचंच असेल तर वारसांनी त्या घड्याळाशी भांडावं.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्याला किती सवलत मिळाली होती हेच माहीत नसतं. घराचा मालक एकटाच होता, तो वारला आणि घर रिकामं राहिलं, तर त्या घरावर कौन्सिल टॅक्स लागत नाही. या सवलतीला 'क्लास एफ' म्हणतात. ती प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, मिळेपर्यंत चालते. मृत्युपत्र नसेल तर 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' मिळेपर्यंत. त्यानंतर आणखी सहा महिने. मधल्या काळात घर विकलं, कोणी राहायला आलं किंवा ते वारसाच्या नावावर झालं, तर सवलत तिथेच संपते. सहा महिने उलटले की पूर्ण कर सुरू होतो. पुढे येतो प्रीमियम, म्हणजे रिकाम्या घरावरची वाढीव आकारणी. एप्रिल २०१३मध्ये तो आला तेव्हा घर दोन वर्षं रिकामं असेल तर बिल दीडपट करायची मुभा कौन्सिलना मिळाली. २०१९पासून दुप्पट. पुढच्या दोन वर्षांत, पाच वर्षांहून जास्त रिकाम्या घराला तिप्पट आणि दहा वर्षांहून जास्त रिकाम्या घराला चौपट. आणि १ एप्रिल २०२४पासून दुप्पट बिलासाठी दोन वर्षांची वाट पाहायचीही गरज उरली नाही, एक वर्ष पुरतं.

या शेवटच्या बदलाने वारसांची पंचाईत झाली. घर रिकामं असल्याचे दिवस सवलतीच्या काळातही मोजले जात होते. म्हणजे वडिलांना जाऊन सव्वा वर्ष झालं, प्रोबेट मिळून सहा महिने झाले, सवलत संपली, आणि पहिलंच बिल दुप्पट आलं असं घडू शकत होतं. सरकारला हे उशिरा का होईना उमगलं. एप्रिल २०२५पासून प्रोबेट मिळाल्यावर बारा महिने प्रीमियम लावता येत नाही. त्यातले पहिले सहा महिने कर शून्य, पुढचे सहा महिने नेहमीइतका. घर खरोखर विक्रीला काढलं असेल, किंवा त्यात मोठी दुरुस्ती करायची असेल, तर प्रीमियमपासून सुटकेची आणखी वेगळी मुदत मिळू शकते. एवढ्या सवलती पाहिल्यावर 'दुःखात असताना लुटतात' ही ओरड मला तरी अतिशयोक्त वाटते.

खरी गोम पुढे आहे.

समजा, एकाच रस्त्यावर दोन घरं आहेत आणि दोन्हीकडचे वृद्ध मालक एकाच महिन्यात वारले. पहिल्या घरातली मुलगी कामाची. तिने तिसऱ्या महिन्यात प्रोबेटचा अर्ज केला, पाचव्या महिन्यात दाखला मिळवला, सामान हलवलं, घर झाडून पुसून एस्टेट एजंटच्या हाती दिलं. तिची सवलत मृत्यूनंतर अकराव्या महिन्यात संपली. दुसऱ्या घरातल्या मुलाने काहीच केलं नाही. भावंडांचं जमत नव्हतं, किंवा जमत होतं पण घाई नव्हती, किंवा भाव वाढायची वाट होती. चार वर्षं त्याने अर्जच केला नाही. कौन्सिलची चौकशीची पत्रं येत राहिली, बिल मात्र आलं नाही. शेवटी प्रोबेट घेतलं, तेव्हा त्याला त्यावरही सहा महिने मिळाले. साडेचार वर्षं कर शून्य. आणि हे पूर्ण कायदेशीर आहे, कारण प्रोबेटच्या आधीच्या सवलतीला वरची मर्यादाच नाही आणि प्रोबेटसाठी अर्ज कधीपर्यंत करायचा याची मुदत इंग्लंडच्या कायद्यात नाही.

वारसा कराची मुदत आहे, असं कोणी म्हणेल. आहेच: ज्या महिन्यात मृत्यू झाला त्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत तो कर भरायचा, नाहीतर व्याज चढतं. पण तो कर लागतो कितींना? सव्वातीन लाख पौंडांच्या आतली मालमत्ता तर सुटतेच, मुलांना राहतं घर मिळत असेल तर आणखी पावणेदोन लाखांची सूट मिळते. ब्रिटनमधल्या शंभर मृत्यूंमागे पाचांनाही हा कर पडत नाही. बाकीच्या पंचाण्णवांना घाई करायला लावणारं काहीच नाही.

सामानाचंही असंच. प्रीमियमसाठी घर रिकामं धरायचं तर त्यात फर्निचर जवळजवळ नसावं लागतं. ज्याने आईचं कपाट, पलंग, भांडीकुंडी लवकर आवरली त्याच्या रिकामेपणाचे दिवस लवकर मोजायला सुरुवात होते. ज्याने सगळं तसंच ठेवलं त्याचं घर बराच काळ 'रिकामं' ठरतच नाही. एप्रिल २०२५पासून या पळवाटेला काही अटकाव झाला आहे, कारण सामान असलेल्या पण कोणाचंच मुख्य घर नसलेल्या घराला 'दुसरं घर' मानून तिथेही दुप्पट आकारणीची मुभा कौन्सिलना मिळाली. पण ती लावायची की नाही हे प्रत्येक कौन्सिलच्या मर्जीवर. म्हणून एका गावात सोफा ठेवणं महाग पडतं, तर शेजारच्या गावात सोफा काढणं.

या सगळ्याचा आपल्या लोकांशी संबंध दूरचा नाही. १९६०-७०च्या दशकांत मुंबई, पुणे, नागपूरहून एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, गेलेल्या मराठी डॉक्टरांची पिढी आता ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर त्याच्याही आधीचं, १९३२चं. या पिढीची घरं आता वारसांकडे जात आहेत, आणि वारस कुठे कुठे आहेत? एक मिल्टन कीन्सला, एक न्यू जर्सीत, एक कोथरूडला. कोथरूडच्या भावाला कौन्सिल टॅक्सची सवलत ऐकून आश्चर्यच वाटतं. आपल्याकडे मालक गेला म्हणून घरपट्टी थांबत नाही. वारसनोंद होईपर्यंत बिल आजोबांच्या नावाने येत राहतं आणि कोणीतरी ते भरत राहतं. पुणे महापालिकेची ४० टक्क्यांची सवलत तर मालक स्वतः राहत असेल तरच मिळते, बंद फ्लॅटला नाही. तिथे कोणी त्याला क्रूरपणा म्हणत नाही.

इंग्लंडमधल्या भारतीय कुटुंबांना मात्र एक सापळा हमखास अडकवतो. पुढे कटकट नको म्हणून वडील हयातीतच मुलाचं नाव घराच्या कागदांवर सहमालक म्हणून चढवतात. आपल्याकडे हे शहाणपणाचं मानलं जातं. पण क्लास एफची मूळ अटच अशी की मृत व्यक्तीखेरीज कर भरायला जबाबदार असा दुसरा मालक नसावा. सहमालक मुलगा दुसऱ्या शहरात राहत असला तरी तो मालक आहेच. वडील गेले आणि घर रिकामं झालं की कर त्याच्याकडून लगेच सुरू. बहुधा प्रोबेट लागत नाही, कारण घर आपोआप त्याचं झालं, आणि प्रोबेट नाही म्हणून त्याला जोडलेली सवलतही नाही. ज्या कुटुंबाने कागदपत्रं सर्वांत नीट ठेवली त्याच्या वाट्याला शून्य दिवस, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याच्या वाट्याला वर्षं. वडील तर दोघांचेही गेलेत.

आता वारसांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. तो भावनेचा नाही, कराच्या रचनेचा आहे. १९९३मध्ये कौन्सिल टॅक्स आला तो पोल टॅक्सच्या राखेतून. मार्गारेट थॅचर यांनी आणलेला तो माणशी कर इतका नावडता ठरला की ३१ मार्च १९९० रोजी ट्रॅफल्गार स्क्वेअरवर दंगल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचं पद गेलं. जॉन मेजर सरकारने मग तडजोड केली: नवा कर अर्धा घरावर, अर्धा घरात राहणाऱ्या माणसांवर. म्हणूनच एकट्या राहणाऱ्याला आजही पंचवीस टक्के सूट आहे, आणि मूळ कायद्यात कोणीच राहत नसलेल्या घराला निम्मी सूट होती. सामान नसलेल्या रिकाम्या घराला पहिले सहा महिने पूर्ण माफी होती, मालक जिवंत असो वा नसो. वारस म्हणतात, माणसं नाहीत तर माणसांचा वाटा का मागता? हा प्रश्न तर्काला धरून आहे. २०१३पर्यंत या सवलती देणं न देणं टप्प्याटप्प्याने कौन्सिलवर सोपवलं गेलं आणि पैशाच्या ओढाताणीत बहुतेकांनी त्या आक्रसल्या.

पण १९९३चा तो हिशेब आज लावता येत नाही. कौन्सिलचा पैसा आता प्रामुख्याने जातो वृद्धांच्या आणि अपंगांच्या देखभालीवर, अडचणीतल्या मुलांवर आणि बेघर कुटुंबांच्या तात्पुरत्या निवाऱ्यावर. कचऱ्याचा डबा त्यात किरकोळ. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत आणि २०२३-२४मध्ये कौन्सिलनी त्यावर दोन अब्ज पौंडांहून अधिक खर्च केले. बर्मिंगहॅमसारख्या प्रचंड कौन्सिलला सप्टेंबर २०२३मध्ये हात वर करावे लागले. दुसरीकडे सहा महिन्यांहून जास्त रिकामी पडलेली घरं अडीच लाखांवर. ही सगळी वारशाची नाहीत, आणि जिथे घरं रिकामी आहेत तिथेच माणसं बेघर आहेत असंही नाही. उत्तर इंग्लंडमधल्या बर्नलीतलं घर उघडल्याने बेघरांना ठेवलेलं लंडनमधलं हॉटेल रिकामं होत नाही. एवढं मान्य करूनही, ज्या घराची किंमत वारसाने काहीही न करता शेजार, शाळा आणि रस्त्यांमुळे वाढली, त्या घराने गावाच्या खर्चात पूर्ण वाटा उचलावा यात मला अन्याय दिसत नाही. बंद घराची झळ शेजाऱ्यांना बसते ती वेगळीच. थंडीत पाइप फुटतो, ओल भिंतीतून पलीकडे जाते, आणि घर तीस किंवा साठ दिवसांहून जास्त रिकामं असेल तर नेहमीची विमा पॉलिसीही बहुधा हात आखडते.

पूर्ण वाटा म्हणजे किती, इथे मात्र सगळा कारभार विनोदी होतो. इंग्लंडमधलं प्रत्येक घर आजही १ एप्रिल १९९१च्या किमतीवरून ए ते एच अशा आठ बँडांत, म्हणजे करगटांत, बसवलेलं आहे. तेव्हा मूल्यांकन करणारे रस्त्यावरून गाडी हाकत घरांना अक्षरं वाटत गेले. लोक त्याला 'सेकंड गिअर' मूल्यांकन म्हणत. वेल्सने २००५मध्ये नवं मूल्यांकन लागू केलं. इंग्लंडने ठरवलं होतं, त्याच वर्षी ते लांबणीवर टाकलं, आणि आजतागायत कोणाची हिंमत झालेली नाही. परिणाम असा की नॉटिंगहॅममधल्या सर्वांत खालच्या बँडच्या चाळवजा घराचं वर्षाचं बिल सतराशे पौंडांच्या वर आणि वेस्टमिन्स्टरमधल्या सर्वांत वरच्या बँडच्या हवेलीचं दोन हजारांच्या आसपास. आता दोन्ही दुप्पट करा. नॉटिंगहॅमच्या वारसाला ते बिल घराच्या किमतीच्या मानाने झोंबतं; वेस्टमिन्स्टरच्या वारसाच्या लेखी तो एस्टेट एजंटच्या जेवणाचा खर्च. रिकामं घर बाजारात यावं म्हणून प्रीमियम आणला आणि तो चिमटा काढतो तो नेमका स्वस्त घरांच्या वारसांना. वीस लाख पौंडांवरच्या घरांना २०२८पासून वेगळा अधिभार लावायचं नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं आहे. ते ठिगळ आहे, शिवण नव्हे.

नवं मूल्यांकन कधी होईल तेव्हा होवो. घड्याळ दुरुस्त करायला मात्र त्याची वाट पाहायची गरज नाही. माझं म्हणणं असं की सवलतीची मोजणी मृत्यूच्या तारखेपासून व्हावी. पहिलं एक वर्ष पूर्ण माफ, कोणताही प्रश्न न विचारता, सहमालक असला तरी. हे वर्ष मी हवेतून काढलेलं नाही. १९२५च्या मालमत्ता प्रशासन कायद्यानुसार मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप करण्याची सक्ती एक्झिक्युटरवर, म्हणजे मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यावर, करता येत नाही. वकील त्याला 'एक्झिक्युटरचं वर्ष' म्हणतात. वारसांनी घर आवरावं, रडावं, भांडावं, ठरवावं यासाठी एक वर्ष पुरेसं आहे असं कायद्यानेच शंभर वर्षांपूर्वी मानलं होतं. मृत्यूची तारीख कौन्सिलला शोधत बसावी लागत नाही. मृत्यूची नोंद करताना 'टेल अस वन्स' ही सेवा वापरली की ती कौन्सिललाही कळते.

यावर सॉलिसिटर मंडळी म्हणतील, प्रोबेट रजिस्ट्रीच वेळ लावते त्याचं काय? बरोबर आहे. २०२३मध्ये तिथे अर्जांचा एवढा ढीग साचला की संसदेच्या न्याय समितीला चौकशी सुरू करावी लागली. अशा उशिराचा भुर्दंड वारसाला नको. म्हणून अर्ज दाखल केल्यापासून दाखला हाती येईपर्यंतचे दिवस वर्षात धरू नयेत. कोर्टात मृत्युपत्राला आव्हान दिलं असेल तर तेही दिवस वगळावेत. विक्री ठरली असेल आणि खरेदीदाराचं कर्ज किंवा त्याच्या स्वतःच्या घराच्या विक्रीची साखळी अडकली असेल, तर कर घ्यावा पण प्रीमियम नको. आपल्या हातात नसलेला वेळ माफ आणि हातात असलेला वेळ हिशेबात, एवढीच ही मांडणी. आजच्या नियमात नेमकं उलट आहे: अर्ज न करण्याचे दिवस, जे पूर्णपणे वारसाच्या हातात असतात, ते अमर्याद माफ.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. सगळ्याच वारसांच्या हातात पैसा नसतो. प्रोबेट मिळेपर्यंत बँक खाती गोठलेली, घर विकता येत नाही, मग वर्षानंतरचा कर भरायचा कशातून? बिल मृताच्या मालमत्तेवर साठत ठेवावं आणि विक्रीच्या रकमेतून वसूल करावं, हा मार्ग निघू शकतो. जिथे मुलगी त्याच घरात राहायला यायचं म्हणते आणि भाऊ विकायचं म्हणतो, तिथे चढता कर भावाच्या बाजूने तराजू झुकवणार, हे मला दिसतं आणि खटकतंही. आजही कौन्सिलना १९९२च्या कायद्याच्या तेरा-ए कलमाखाली कोणाचंही बिल कमी करण्याचा अधिकार आहे, पण तो मिळतो मागणाऱ्याला, आणि मागता येतं हे ज्याला ठाऊक असतं त्याला. बर्मिंगहॅमसारख्या कंगाल कौन्सिलकडून त्या औदार्याची अपेक्षा किती ठेवायची?

खरेदीदाराचा एक धागाही यात अडकलेला आहे. प्रीमियम घराला चिकटतो, मालकाला नाही. दीर्घकाळ रिकामं घर विकत घेणाऱ्या माणसाने ते तसंच ठेवलं तर मागच्या मालकाची रिकामी वर्षं त्याच्याही डोक्यावर येतात. मोठ्या दुरुस्तीसाठी बारा महिन्यांची सूट आहे, पण जुनं घर मोकळं करून राहण्याजोगं करायला इथे मिस्त्रीच सहा महिने मिळत नाही. विक्रीनंतर मोजणी शून्यावर आणणं सोपं आहे. फक्त ती विक्री त्याच कुटुंबात फिरवलेली नसावी.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदाही लागणार नाही. क्लास एफ हा १९९२च्या एका आदेशातला परिच्छेद आहे, मंत्र्यांना तो नव्या आदेशाने बदलता येतो. प्रीमियमच्या सवलती त्यांनी २०२४मध्ये अशाच नियमांनी लिहिल्या आणि २०२५पासून लागू केल्या. तेव्हा वारसांचं गाऱ्हाणं त्यांनी ऐकलं आणि प्रोबेटनंतरचे बारा महिने दिले. प्रोबेटच्या आधीचा उघडा दरवाजा मात्र तसाच ठेवला, कारण त्याबद्दल तक्रार करायला कोणीच आलं नव्हतं. ज्याचा फायदा होतो तो कशाला येईल?